माळभागाचे दात

तेजल वायदंडेनं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता, आणि सरकारी यंत्राचं म्हणणं होतं की ती समुद्रकाठची आहे.

म्हणणं कसलं, निकालच. मोबाइलवर आला तेव्हा ती शेजारकेंद्राच्या दारात बसून एका म्हाताऱ्याचा पेन्शनचा अर्ज भरत होती. ‘वायदंडे तेजल सुनंदा, वय २१. मूलस्थान : किनारपट्टी. पाणीपत्रास अपात्र.’ तिनं दोनदा वाचलं आणि तिला हसू आलं. सरकारी काम म्हटलं की सरदाराचं पत्र सुभेदाराला जायचंच. पाच मिनिटांनी आईचा निकाल आला. तोही किनारपट्टी. मग मात्र हसू गेलं.

करंजमाळ हे गाव घाटमाथ्यावरचं. वर पेठ, खाली माळभाग, आणि दोघांच्या मध्ये एसटीचा जुना डेपो. अकरा वर्षांपूर्वी, म्हणजे २०४० साली, तीन वादळं पाठोपाठ आली आणि खालच्या किनाऱ्यावरची गावंच्या गावं दर्यानं गिळली. तिथली त्रेसष्ट कुटुंबं घाट चढून आली आणि या डेपोत उतरली, ती तिथेच राहिली. बसगाड्यांच्या खाली उतरून दुरुस्ती करायचे खड्डे फळ्यांनी झाकले, वर्कशॉपमध्ये पडदे लावून खोल्या केल्या, मागच्या यार्डात पत्र्याची घरं उभी राहिली. पुढच्या भागात शेजारकेंद्र. नाव मोठं विचारपूर्वक ठेवलेलं. विस्थापितांनी यावं, माळभागातल्यांनीही यावं, एकाच बाकावर बसून अर्ज भरावेत, एकाच नर्सकडून रक्तदाब तपासून घ्यावा, आणि जमलंच तर एकमेकांशी बोलावं. पहिल्या तीन गोष्टी व्हायच्या. चौथी क्वचित.

तेजल समाजकार्याच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि इथे सहा महिन्यांची इंटर्नशिप करत होती. केंद्र चालवायच्या नसीम मुकादम, वय अठ्ठावन्न, एके काळच्या सरकारी नर्स आणि स्वतःही बुडालेल्या गावच्या. त्यांना सगळे नसीमआपा म्हणत. आपांनी पहिल्याच दिवशी तेजलला सांगितलं होतं, “इथे दोन कामं. ऐकायचं आणि लिहायचं. लिहिण्यात चूक झाली तर ऐकलेलं फुकट जातं.” तेजलनं मान डोलवली होती. मान डोलवायला काय लागतं!

आता त्या यंत्राबद्दल सांगायला हवं. त्याचं सरकारी नाव दंतवेध. लोक म्हणायचे दातमशीन. धरणात पाणी उरलं होतं मोजक्याच माणसांपुरतं, म्हणून मूळ रहिवाशांना पाणीपत्र द्यायचं आणि बाकीच्यांना पूर्वेकडच्या छावणीत हलवायचं असा कायदा झाला. पण मूळ रहिवासी ओळखायचा कसा? पुरात कागद गेलेले, उरलेल्यांत खोटे मिसळलेले. कागद खोटं बोलतो, दात बोलत नाही, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं. आणि त्यात तथ्य होतं.

दाताचं वरचं कठीण कवच, म्हणजे इनॅमल, लहानपणी एकदाच तयार होतं. हाड जन्मभर झिजतं आणि भरून येतं, तसं याचं नाही. हे कवच कॅल्शियमचं असतं, आणि कॅल्शियमच्या रांगेत हळूच घुसणारा त्याचा एक भाऊबंद आहे, स्ट्रॉन्शियम. शरीराला दोघांतला फरक कळत नाही. हा स्ट्रॉन्शियम खडकातून मातीत येतो, मातीतून पाण्यात आणि ज्वारीत, आणि तिथून बाळाच्या दातात. त्याचे जड आणि हलके असे प्रकार असतात, आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण खडकागणिक बदलतं. घाटमाथ्यावरच्या काळ्या दगडाचा आकडा वेगळा, समुद्राचा वेगळा. फरक तिसऱ्या दशांश स्थळावरचा, पण यंत्राला तेवढा पुरतो. दातावर सुईच्या टोकाहून बारीक लेसरचा ठिपका मारायचा, उडालेली वाफ ओढून घ्यायची आणि अणू मोजायचे. दीड मिनिटाचं काम, दुखतही नाही. आईचा निकाल तोच मुलांचा, म्हणजे मुलांच्या दातांना हातही लावायला नको.

विस्थापितांचे निकाल काय लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोनशे एकाहत्तर माणसं, सगळी किनारपट्टी. सोमवारी बसगाड्या येणार होत्या. माळभागातल्या बापू गुजल्यांना तर सुंठीवाचून खोकला जाणार म्हणून आनंद झाला होता. बापू पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले फिटर. गेली अकरा वर्षं दर सभेत उठून ते एकच वाक्य बोलायचे, “हे जाणार कधी?” पण त्या बुधवारी माळभागातल्याही चारशे बारा माणसांचे निकाल किनारपट्टी लागले, आणि त्यांत पहिल्या पानावर नाव होतं गुजले बापू रामा.

दुपारपर्यंत सगळा माळभाग डेपोत जमला. बापूंचा आवाज यार्डापर्यंत जात होता. “माझ्या पणज्यानं हितली हीर खणलीया! आन् ह्ये डबडं मला कोकणातला म्हनतंय?”

नसीमआपांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. “बापू, बसा. मी पण तिथलीच आहे. एवढं वाईट नाही हो ते.”

बापूंनी चहा प्यायला, पण ते बसले नाहीत.

या गोंधळातून सुटून तेजल डबा खायला मागच्या टायरच्या खोलीत गेली. रोज तिथेच जायची. एक तर तिथे कुणी येत नसे, आणि दुसरं म्हणजे डब्याचा वास बाहेर जात नसे. तिनं भाकरीवर चटणी घेतली आणि दारात सावली पडली. चंद्रकला मेतर होत्या. दर्याकाठच्या दांडेखोल गावच्या, नवरा वादळात गेलेला, दोन मुली आणि एक नातू मागे. केंद्राचं स्वयंपाकघर त्याच सांभाळायच्या. सगळे त्यांना मेतरकाकी म्हणत.

“गो चेडवा, हय काळोखात कित्या बसलंस?”

“वास येतो ना काकी. म्हणून.”

“कसलो वास?” काकी आत आल्या, वाकून डब्यात पाहिलं आणि त्यांचे डोळेच मोठे झाले. “जवळो! ह्यो तर जवळो! तुमी वरची माणसां जवळो खातास?”

तेजलचे कान लाल झाले. जवळा म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. “माळभागात सगळेच खातात. पण सांगत नाहीत.”

मेतरकाकी रचलेल्या टायरवर मटकन बसल्या आणि हसत सुटल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “अगो बाय माझे! अकरा वर्सां आमी दारां-खिडक्यो बंद करून मासळी भाजतंव, तुमका वास येयत म्हणान! आणि तुमी हय टायरात लपान खातास!”

तेजललाही हसू फुटलं. तिनं डबा पुढे केला. काकींनी बोटानं चाखून पाहिलं. “मीठ जास्त. पण बरी झाली. कोणी शिकवल्यान?”

“तुमच्याकडच्याच बायकांनी म्हणे. आईच्या लहानपणी दर गुरुवारच्या बाजाराला पाट्या घेऊन यायच्या, एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून. मासळी द्यायच्या आणि ज्वारी, मिरची घेऊन जायच्या. त्याच्याही आधी पायी घाट चढून यायच्या. बाळाला दात यायला लागले की जवळा भाजून खडेमिठाबरोबर कुटायचा आणि रोज चिमूटभर पेजेत घालायचा, हे त्यांनीच सांगितलं. चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. दात घट्ट...”

ती बोलता बोलता थांबली.

जवळा कवचासकट खातात. कवचात कॅल्शियम, आणि कॅल्शियमच्या पाठोपाठ तो भाऊबंद. वर खडेमीठ, तेही समुद्राचंच. माळभागातल्या प्रत्येक पोराच्या दातात पिढ्यान्‌पिढ्या चिमूट चिमूट समुद्र भरत आला होता, आणि समुद्र कुठलाही असो, त्याचा आकडा एकच.

मग हे यंत्रवाल्यांना कसं कळलं नाही? ते तेजलला चांगलं ठाऊक होतं, आणि त्यामुळेच तिनं हातातली भाकरी खाली ठेवली. दोन महिन्यांपूर्वी आहारपत्रकं भरून घेतली होती. प्रश्न चौदा : बालपणी समुद्री मासे किंवा सुकी मासळी खाण्यात होती का? माळभागात माणशी एक अशी तीनशे ऐंशी पत्रकं भरली गेली, त्यातली दोनशे बारा तेजलच्या हातची. घराघरात तिला एकच उत्तर मिळालं, “न्हाई बाई, आमच्यात न्हाई खात तसलं.” चुलीवर सुकट शिजत असायची आणि उंबऱ्यात उभं राहून बाई सांगायची, दूध-दही, भाजी-भाकरी. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे! आणि तेजलनं, जिचा स्वतःचा पिंड याच सुकटीवर पोसला होता, दोनशे बारा वेळा ‘नाही’ लिहिलं. दोनशे तेरावं तिच्या स्वतःच्या घरातलं. आईनं स्वतःचं पत्रक स्वतः भरलं होतं. “लोक वाचत्यात,” एवढंच म्हणाली होती.

त्या क्षणी तेजलला स्वतःची लाज वाटली, आयुष्यभर सुकटीची वाटली त्याच्या शंभरपट. काकी अजून डबा चाखत होत्या.

पडताळणी अधिकारी डॉ. मंदार खैरे तहसील कचेरीच्या वरच्या मजल्यावर बसायचे. तिशीतला, शांत, नीट बोलणारा माणूस. गुरुवारी सकाळी तेजल त्यांच्यासमोर उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता खैरे खुर्चीतून उठले. एखाद्या पोराला हरवलेला भोवरा सापडावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“अहो, मग बरोबर आहे! मला वाटत होतं यंत्र बिघडलं.” त्यांनी कागद ओढला आणि शेजारी शेजारी दोन टेकड्या काढल्या. “ही घाटमाथ्याची माणसं. ही किनाऱ्याची. मधे ही दरी. यंत्र काय करतं, तर माणूस दरीच्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतं. पण अलीकडची टेकडी कुठे बसते ते गावाच्या आहारावरून ठरतं. पेठेतल्या दवाखान्यांतून उपटलेल्या अक्कलदाढा आम्ही तपासल्या आणि तुमची पत्रकं वाचली. करंजमाळचा बालपणीचा समुद्री आहार, शून्य. त्या शून्यावर ही रेघ मारलीय.”

“आणि शून्याच्या जागी खरं लिहिलं तर?”

खैऱ्यांनी तिसरी टेकडी काढली, बरोबर दरीत. मग पेन्सिल खाली ठेवली. चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू ओसरला.

“तर दरी राहत नाही,” ते म्हणाले. “माळभागातला माणूस आणि किनाऱ्यावरचा माणूस यंत्राला वेगळे दिसणार नाहीत.”

“मग तसं लिहा, सर.”

“इतकं सोपं नाही. पत्रकं भरून देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी सुनावणीत शपथेवर जबाब बदलला तरच आकडा बदलतो. आणि बदलला की कलम सत्तावीस लागतं. सगळे अनिर्णित. अनिर्णित माणूस आहे तिथे राहतो, पण अर्ध्या पाण्यावर, पुढचा हुकूम येईपर्यंत. तो कधी येईल ते कुणालाच माहीत नाही. तुमची आई, तुम्ही, सगळे. माणशी ऐंशी लिटरचे चाळीस.” त्यांनी दुसरा कागद पुढे केला. “त्यापेक्षा दुसरा मार्ग आहे. माळभागाला पत्त्यावरून सूट देतो. चारशे बारा नावं, सगळी पात्र, पूर्ण पाणी. शनिवारी सुनावणीत जाहीर करतो. फक्त सर्वेक्षण बिनचूक होतं अशी पत्रकं भरून घेणाऱ्यांची सही लागेल. म्हणजे तुमचीही.”

“आणि मेतरकाकी?”

“कोण?”

“डेपोत राहतात. दांडेखोलच्या.”

“हे बघा,” खैरे खरोखरच कळकळीनं म्हणाले, “त्यांचा निकाल तर खरा आहे ना? त्या किनाऱ्यावरच्याच आहेत. आपण खोटं काय करतोय?”

हा प्रश्न घेऊन ती जिना उतरली. उत्तर सापडायला तिला डेपोपर्यंतचं अंतर लागलं. काकी किनाऱ्यावरच्या होत्या हे खरं, पण ते यंत्रानं ओळखलेलं नव्हतं. यंत्रानं ओळखलं होतं तेजलचं ‘नाही’. त्या एका खोट्यावर काकींना, त्यांच्या मुलींना आणि नातवाला बसमध्ये घालून अशा ठिकाणी नेणार होते जिथे वैशाखात पन्नास अंशांना माणसं पत्र्याखाली बसतात. गेला उन्हाळा तिथे काढून परत आलेले लोक नसीमआपांनी तिला दाखवले होते. त्यांच्यातल्या एका बाईनं तासभर फक्त पाण्याच्या माठाकडे पाहिलं होतं.

नसीमआपांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

“मी बोलले तर म्हणतील, ही तिकडचीच, ही असंच बोलणार. आमच्या कुणाच्याच बोलण्याला सोमवारच्या आत किंमत नाही. हे माळभागानं बोलायला हवं.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “आणि तेजल, तू सही केलीस तरी मी तुला वाईट म्हणणार नाही. तुझ्या आईचं पाणी आहे.”

वाईट म्हणाल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी सुनंदा वायदंडे पेठेतली धुणीभांडी आटोपून आल्या तेव्हा तेजलनं दार लावून घेतलं आणि बोलायला सुरुवात केली. आई ऐकता ऐकता पातेलं घासत होती. शेवटी म्हणाली, “म्हंजे भर सभंत उठून मी सांगायचं, आमी सुकट खातो म्हनून?”

“हो.”

“तुला ठावं हाय का, साळंत बाई माझं दप्तर खिडकीत ठिवायला लावायच्या? वास येतो म्हनून. चौथीपत्तोर माझं दप्तर खिडकीत आन् मी शेवटच्या बाकावर. अजून पेठंत काम मिळतंय त्ये हात तीनदा धुऊन जाते म्हनून मिळतंय. तुझ्या डब्यात साळंला कधी दिली का म्या सुकट? दिली का?”

“नाही दिली.”

“का न्हाई दिली?”

आईनं हे कधीच सांगितलं नव्हतं. तेजलला वाटायचं, आईला पेठेतल्यांसारखं दिसायची हौस आहे. इतकी वर्षं तिनं आईला मनातल्या मनात हसून घेतलं होतं.

“आन् अर्धं पानी?” आई आता उसळली. “उनाळा तोंडावर आलाय. कोन लागत्यात ती मान्सं आपली?”

“कुणी लागत नाहीत,” तेजल म्हणाली. “पण ‘नाही’ मी लिहिलंय, आई. माझ्या हातानं. त्या लिहिण्यावर त्यांना घेऊन जाणार आहेत. तू बोल नाहीतर बोलू नको. मी सही करणार नाही.”

आईनं हातातलं पातेलं इतक्या जोरात आपटलं की शेजारच्या भिंतीवरून कुणीतरी विचारलं, काय झालं.

“कालेजात घातली त्येच चुकलं,” आई म्हणाली आणि चुलीकडे वळली.

शनिवारी अकरा वाजता डेपोच्या वर्कशॉपमध्ये सुनावणी लागली. एका बाजूला माळभाग, दुसऱ्या बाजूला यार्डातली कुटुंबं, मध्ये टेबल, टेबलावर यंत्र आणि मोठा पडदा. मेतरकाकी नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांची बोचकी बांधून झालेली होती. तेजलनं ती सकाळीच पाहिली होती.

खैऱ्यांनी सूट वाचून दाखवली. माळभागाच्या बाजूनं टाळ्या पडल्या. काही जणांनी तर शिट्ट्या मारल्या. बापू गुजले मात्र उभेच होते.

“सायेब, कागदावर काय ऱ्हानार?”

“काय म्हणजे?”

“माझ्या नावाम्होरं. काय लिवणार?”

खैऱ्यांनी यादी पाहिली. “मूलस्थान किनारपट्टी, सवलतीनं पात्र.”

“सवलतीनं?” बापूंच्या कपाळावरची शीर फुगली.

खैऱ्यांनी कागद तेजलकडे सरकवला. “पत्रकं भरून घेणाऱ्यांची सही.”

तेजल उठली. “मी सही करणार नाही,” ती म्हणाली. आवाज बारीक निघाला म्हणून तिनं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. “सर्वेक्षण खोटं आहे. प्रश्न चौदाला मी दोनशे बारा वेळा ‘नाही’ लिहिलंय, आणि ते खोटं आहे हे मला लिहिताना माहीत होतं. माळभागात प्रत्येक घरात सुकट खातात. बाळांना जवळ्याची भुकटी देतात. मलाही दिलीय. म्हणून आपले दात समुद्राचे निघाले. यांच्या दातांत आणि आपल्या दातांत या यंत्राला फरक करता येत नाही, आणि तो करता येतो असं दाखवून यांना सोमवारी नेणार आहेत. ज्यांनी माझ्याकडे पत्रक भरलं त्यांनी आज खरं सांगितलं तर कुणालाच नेता येणार नाही. पाणी मात्र आपल्या सगळ्यांचं अर्धं होईल. तेही मी लपवत नाही.”

मग एकदम कल्ला उठला.

“आगं ए, आमच्या घरातलं भाईर काढतीस व्हय?”

“कोन म्हन्तंय आमी सुकट खातो?”

“हिला कुनी ठेवलीया हितं? हाकला हिला!”

तेजल उभी राहिली. रडू येत होतं, ते तिनं येऊ दिलं, पण ती बसली नाही. डॉ. खैरे हात वर करून शांत व्हा, शांत व्हा म्हणत होते आणि त्यांना कुणी विचारत नव्हतं.

बायकांच्या रांगेतून सुनंदा वायदंडे उठल्या. कामावर जायची साडी होती अंगावर. सरळ टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“लिवा सायेब,” त्या म्हणाल्या. “सुनंदा मारुती वायदंडे. मी सुकट खाते. माझी आई खायाची. दात आलं तवापास्नं मला भुकटी दिली, म्या हिला दिली. पत्रकावर म्या न्हाई लिवलं, कारन मला लाज वाटली. आता वाटत न्हाई. लिवलं का?”

“मावशी, तुमचं नाव सवलतीत आहे,” खैरे हळू आवाजात म्हणाले. “तुम्हाला हे बोलायची गरज नाही.”

“तुमी लिवा.” मग त्या माळभागाकडे वळल्या. “आन् तू गं पारूबाई, मान खाली घालू नको. काल तुझ्याच घरातनं वाटीभर जवळा आनला म्या.”

पारूबाई पदराआडून म्हणाली, “आमी आपलं सणावारी खातो.”

“सणावारी?” मागून कुणीतरी ओरडलं. “रोज सकाळी गल्लीला कळतंय की तुमचा सण!”

हशा पिकला. त्या हशानं काहीतरी सैल झालं. पारूबाई उठली, तिच्यामागून तिची जाऊ, मग एक शिक्षक, मग पोरंबाळं कडेवर घेतलेल्या बायका. यार्डाच्या बाजूनं मेतरकाकी हे सगळं बघत होत्या, आणि हसत नव्हत्या. टेबलापुढे रांग लागली. प्रत्येक जण नाव सांगायचा आणि मग तो शब्द म्हणायचा, काही जण पुटपुटत, काही जण ठणकावून. काही जण मात्र उठून घरी गेले, तेजलकडे बघून थुंकत. तिची गल्लीतली मैत्रीणही गेली. ते दुखलं, आणि पुढेही दुखत राहणार होतं.

बापू गुजले रांगेत आले तेव्हा दोन वाजले होते. त्यांनी नाव सांगितलं, सुकट सांगितली, वर बोंबीलही सांगितले. “आन् माझ्या कागदावरनं सवलत खोडा,” म्हणाले. “माझ्याच गावात मी कुनाच्या सवलतीनं ऱ्हानार न्हाई.”

तीनपर्यंत दोनशे छत्तीस जबाब झाले. एकशे एक्क्याण्णव पुरले असते. खैऱ्यांनी नवा आकडा यंत्रात घातला. पडद्यावरच्या दोन टेकड्या एकमेकींकडे सरकल्या, दरी भरत गेली आणि एकच बुटका डोंगर उरला. मग नावं यायला लागली. वायदंडे सुनंदा, अनिर्णित. गुजले बापू, अनिर्णित. मुकादम नसीम, अनिर्णित. मेतर चंद्रकला, अनिर्णित. सहाशे त्र्याऐंशी नावं, एकापुढेही दुसरा शब्द नाही. नसीमआपांनी तोंडावर हात धरला. मेतरकाकींना पडद्यावरचं वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या मुलीनं कानात सांगितलं. काकींनी नातवाला मांडीवरून खाली ठेवलं आणि आतमध्ये जाऊन त्या बोचकी सोडायला लागल्या.

“कलम सत्तावीस,” खैरे म्हणाले. त्यांचा आवाज थकला होता. “सोमवारच्या गाड्या रद्द. पण उद्यापासून या सगळ्या नावांना अर्धं पाणी. माणशी चाळीस लिटर. आणि मी सांगून ठेवतो, वरचे लोक स्वस्थ बसणार नाहीत. दुसरं यंत्र आणतील. केसांचं आणतील, हाडांचं आणतील.”

चाळीस लिटर म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. तेजलनं आईकडे पाहिलं. आई समोर बघत होती.

बापू गुजले पुढे झाले. जन्मभर लोकांच्या नळाला पाणी जोडून दिलेला तो माणूस टेबलावर दोन्ही तळवे टेकून उभा राहिला.

“अर्धं तर अर्धं,” ते म्हणाले. “कुनाच्या दारात किती सोडायचं त्ये आमी बघून घेऊ. पाइप माझ्या हातचं हायेत. ह्या यार्डात बी मीच जोडून देतो उद्या. आणा तुमी दुसरं यंत्र. पर सायेब, ध्येनात ठेवा, पुन्यांदा आमच्या तोंडात हात घालायचा न्हाई.”

डॉ. खैऱ्यांनी यंत्र बंद केलं, वायरी गुंडाळल्या, पेटीचं झाकण लावलं. पेटी जड होती. त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. करंजमाळात ओझं उचलणाऱ्या माणसाला हात लावायला नेहमी कुणी ना कुणी धावतं. त्या दिवशी सहाशे माणसांतलं एकही जागचं हललं नाही.